स्पॉटिफायवरून गाणी वाटून घेताना: काय जमतं, कुठे अडतं

स्पॉटिफायचं परीक्षण म्हटलं की आवाजाचा दर्जा आणि शिफारशी या दोनच गोष्टींवर रकाने भरतात. इथे त्या ओघात येतील तेवढ्याच. आयुष्यभर ऐकून जमवलेली आवडती गाणी दुसऱ्या माणसापर्यंत पोचवायला ही सेवा कितपत कामाची, एवढंच बघायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकू: गाणं पाठवायला उत्तम, एकत्र बसून ऐकायला चांगली, जपून ठेवायला कच्ची. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुम्ही पाठवता तो गाण्याचा पत्ता असतो. गाणं राहतं कंपनीच्या सर्व्हरवर, तेही हक्कधारक ठेवू देईल तोवर. २००८ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हापासूनची रचना हीच, आणि पुढे येणारे बहुतेक गुणदोष इथूनच निघतात.

एक गाणं

एकच गाणं पाठवणं हे सगळ्यात सोपं काम. गाण्यासमोरचे तीन ठिपके, 'शेअर', 'कॉपी लिंक'. निरोपात चिकटवली की मुखपृष्ठ, गाण्याचं नाव आणि गायक दिसू लागतात. लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर अक्षरांची जी शेपटी असते, ती लिंक कुठून कुठे फिरली याचा माग ठेवण्यासाठी. ती कापली तरी गाणं उघडतं आणि लिंक आटोपशीर होते. (अपवाद एकच: सामायिक यादीत सामील होण्याचं आमंत्रण. तिथे परवानगीची खूण शेपटीतच असते. कापलीत तर आमंत्रण वाया.)

अडतं ते पलीकडच्या टोकाला. समोरच्याचं स्पॉटिफायवर खातं नसेल तर त्याला पूर्ण गाणं ऐकू येत नाही, खातं उघडण्याचा आग्रह मात्र लगेच सुरू होतो. पाठवणाऱ्याला याचा पत्ताच नसतो. तो आपला 'कसं वाटलं?' विचारायच्या तयारीत. म्हणून लिंकच्या जोडीला एक ओळ हाताने लिहावी: गाणं, गायक, संगीतकार, अल्बम, मूळ वर्ष, लांबी. अर्ध्या मिनिटाचं काम. समोरचा कुठलंही ॲप वापरत असो, या ओळीवरून गाणं शोधता येतं, आणि पुढे कधी लिंक मेली तरी ओळ शाबूत राहते.

लांबी का लिहायची? कारण एकाच गाण्याची सात-आठ रूपं सहज सापडतात: मूळ ध्वनिमुद्रण, त्याचं रीमास्टर (जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून काढलेली प्रत), 'निवडक गाणी' छापाच्या संग्रहातलं, मैफलीतलं, त्याच गायकाने उतारवयात पुन्हा गायलेलं, दुसऱ्याच कुणी हुबेहूब गायचा प्रयत्न केलेलं आणि कराओके. शोधात पहिलं येतं ते मूळच असतं असं नाही. जास्त वाजलेलं वर येतं. आठवणीतलं गाणं तीन मिनिटं वीस सेकंदांचं आणि समोरचं पावणेपाच मिनिटांचं असेल तर ते बहुधा मैफलीतलं किंवा नव्याने केलेलं. वर्षावर मात्र विसंबू नये. पुनर्प्रकाशित अल्बमवर अनेकदा पुनर्प्रकाशनाचं वर्ष लागतं, आणि साठच्या दशकातलं गाणं कालपरवाचं दिसू लागतं. ठिपक्यांच्या यादीत 'व्ह्यू क्रेडिट्स' असतं, तिथे गीतकार-संगीतकार दिसतात. पण ती माहिती प्रकाशकाने दिली तेवढीच, त्यामुळे जुन्या गाण्यांत गीतकाराची जागा पुष्कळदा रिकामी सापडते. खात्रीचा उपाय जुनाच: पाठवण्याआधी पहिला अंतरा संपेपर्यंत स्वतः ऐकावं.

रोमन लिपीत न लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या गाण्यांना एक जादा त्रास आहे. नावं बहुतेक रोमनमध्येच नोंदलेली, आणि स्पेलिंग ज्याचं त्याचं. एकेरी 'ए' की दुहेरी, 'व्ही' की 'डब्ल्यू', शेवटी 'एच' आहे की नाही, यावर गाणं सापडणं ठरतं. मुखड्याने नाही मिळालं तर अल्बमच्या नावाने शोधा; अल्बमचं स्पेलिंग त्यातल्या त्यात स्थिर असतं. एकाच नावाचे दोन गायक एका पानावर येऊन बसलेले किंवा एकच गायक दोन स्पेलिंगखाली दोन पानांवर विभागलेला, हेही नेहमीचं.

यादी करताना

स्पॉटिफायच्या एका प्लेलिस्टमध्ये १०,००० गाणी मावतात. हा आकडा वाचून सोडून द्यावा. दुसऱ्याला ऐकायला द्यायची यादी बारा ते पंधरा गाण्यांची, तासाभराच्या आतली असावी असं माझं ठाम मत आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं मिळायची, नव्वदच्या कॅसेटला पंचेचाळीस. सीडीला ७४ किंवा ८० मिनिटं. जागा संपायची म्हणून निवड करावी लागायची, आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचायची ती निवडच. तीनशे गाण्यांच्या यादीची लिंक म्हणजे कपाटाची किल्ली हातात देऊन 'बघ काय आवडतं ते' म्हणणं. कुणी बघत नाही.

यादी बनवण्याची पद्धत:

आधी पंचवीस-तीस गाणी टाकून घ्या. मग एकदा सलग ऐका, स्वयंपाक करताना वा चालताना नव्हे, बसून. जे गाणं वाजताना हात 'पुढचं' कडे जातो ते काढा. एका गायकाची दोनपेक्षा जास्त नकोत. मग क्रम. पहिलं गाणं ओळखीचं असावं आणि त्याचा वाद्यांचा आरंभ लांबलचक नसावा. पहिल्या वीस सेकंदांत आवाज ऐकू आला नाही तर नवखा ऐकणारा पुढे सरकतो. तुमचं सर्वात लाडकं गाणं पहिलं ठेवू नका, तिसरं किंवा चौथं ठेवा. तोवर कान तयार झालेला असतो. दोन संथ गाणी लागोपाठ चालतात, तीन नाहीत. शेजारच्या दोन गाण्यांचे सूर अर्ध्या स्वराने वेगळे असतील तर दुसरं गाणं बेसूर वाटतं, दोष कुणाचाही नसताना. मध्ये वेगळ्या वाद्यमेळाचं एखादं गाणं टाकलं की हे सुटतं.

क्रम लावताना एक फसगत हमखास होते. मोबाइलवर यादी नावाप्रमाणे किंवा 'नुकतंच टाकलेलं' अशी लावून बघितलेली असते आणि तीच मांडणी समोरच्याला दिसेल असं वाटतं. तशी दिसत नाही. ती मांडणी फक्त तुमच्या पडद्यापुरती. इतरांना जातो तो 'कस्टम ऑर्डर' मधला क्रम, म्हणून आधी सॉर्ट त्यावर आणा आणि मगच गाणी वरखाली ओढा. लांब यादी असेल तर हे संगणकावरच्या ॲपमध्ये करावं. तिथे शिफ्ट दाबून पाच-सहा गाणी एकदम निवडता येतात, आणि चुकून काही उडालं तर कंट्रोल-झेड चालतं.

एवढी मेहनत करून क्रम लावला तरी तो पाळला जाईलच याची हमी मात्र नाही. ऐकणाऱ्याचं शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं) चालू असेल तर सगळं उधळलं. मोफत खातं असेल तर मध्ये जाहिराती, आणि क्रमावर त्याचा ताबाही कमी. शफल बंद करायला सांगण्याचा अधिकृत मार्ग नाही. यादीच्या वर्णनात पहिलीच ओळ 'शफल बंद करून, क्रमाने ऐका' अशी लिहावी, एवढंच हातात आहे.

तसंच 'क्रॉसफेड'चं. सेटिंग्जमध्ये ते शून्यापासून १२ सेकंदांपर्यंत ठेवता येतं: एक गाणं विरत असताना दुसरं सुरू होतं. नाचाच्या गाण्यांना शोभतं, पण ज्या गाण्याचा शेवट हळूहळू विरत जातो किंवा ज्याच्या शेवटच्या समेनंतर शांतता हवी असते, त्याचा बळी जातो. हे सेटिंगही ऐकणाऱ्याच्या हातात. त्याच्याकडे क्रॉसफेड दहा सेकंदांवर असेल तर तुमच्या यादीतलं प्रत्येक गाणं दहा सेकंद आधी संपतं, आणि दोघांनाही कारण कळत नाही.

आता आवाजाची पातळी, कारण जुनी-नवी गाणी एका यादीत आली की पहिली तक्रार हीच. नव्या ध्वनिमुद्रणांत आवाज दाबून-दाबून वर आणलेला असतो, जुन्यांत हळू आणि मोठ्यातलं अंतर जास्त. स्पॉटिफाय 'नॉर्मलायझेशन' चालू असताना सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणतं. एलयूएफएस म्हणजे कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजायचं एकक. मोठ्या आवाजाची गाणी खाली येतात, हळू आवाजाची वर जातात. मात्र वर नेताना शिखर (आवाजाचा सर्वात उंच क्षण) फाटू नये म्हणून १ डेसिबलची जागा राखली जाते. त्यामुळे ज्या जुन्या मुद्रणात ढोलकाची एखादी थाप फार उंच आणि गाणं मात्र हळू आहे, ते पूर्ण वर येऊ शकत नाही आणि शेजारच्या नव्या गाण्यापुढे दबलेलंच वाटतं. सेटिंग्जमध्ये 'लाउड' निवडलं तर पातळी उणे ११ होते आणि त्यासाठी आवाज लिमिटरमधून (उंच शिखरं दाबणाऱ्या यंत्रणेतून) जातो. मिश्र यादीसाठी 'नॉर्मल' बरं. अल्बम सलग वाजवताना आतल्या गाण्यांमधला चढउतार राखला जातो, यादीत मात्र प्रत्येक गाण्याची पातळी वेगळी काढली जाते. अल्बममध्ये मुद्दाम कुजबुजत ठेवलेलं गाणं यादीत आलं की अंगावर येतं ते यामुळे.

भेट म्हणून यादी द्यायची तर 'स्पॉटिफाय कोड' ही लहानशी पण छान सोय आहे. यादीच्या ठिपक्यांवर गेलं की मुखपृष्ठाखाली उभ्या रेघांची पट्टी दिसते. ती छापून कार्डावर चिकटवता येते आणि ॲपच्या शोधपेटीतल्या कॅमेऱ्याने वाचता येते. रेघा आणि पार्श्वभूमी यांच्यात रंगाचा ठळक फरक ठेवा. फिक्यावर फिकं छापलं की कॅमेरा हात टेकतो. आणि हा कोड फक्त स्पॉटिफायलाच कळतो, साध्या क्यूआरसारखा कुणालाही नाही.

दोघांची, चौघांची यादी

सामायिक यादी, म्हणजे 'इनव्हाइट कोलॅबरेटर्स', ही या सेवेची सर्वात चांगली सोय आहे आणि सर्वात कमी वापरली जाणारी. माणसाच्या चिन्हावर दाबायचं, आमंत्रणाची लिंक पाठवायची, समोरच्याने उघडून मान्य केलं की तोही गाणी टाकू शकतो. कोणी कुठलं टाकलं ते गाण्यापाशी दिसतं. लिंक काही दिवसांनी निकामी होते. उशिरा उघडली तर नवी मागावी लागते.

धोका असा की ज्याला टाकायचा हक्क आहे त्याला काढायचाही आहे. कुणीही कुणाचंही गाणं उडवू शकतो, क्रम बदलू शकतो, आणि कोणी काय काढलं याची नोंद राहत नाही. अख्खी यादी पुसली गेली तर यादीच्या मालकाला वेबवरच्या खात्याच्या पानावरून ९० दिवसांच्या आत परत मिळवता येते; यादीतून काढलेलं एकेक गाणं मात्र असं परत येत नाही. म्हणून दर महिन्याला प्रत काढावी: संगणकावर यादी उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, मग नव्या रिकाम्या यादीत कंट्रोल-व्ही. मोबाइलवर ठिपक्यांतून 'ॲड टू अदर प्लेलिस्ट'. प्रत तुमच्या एकट्याची राहते.

सामायिक यादी टिकते ती नियमांमुळे. प्रत्येकाने आठवड्याला एक किंवा दोनच गाणी. टाकलेलं गाणं महिनाभर कुणी काढायचं नाही. आणि हे गाणं का टाकलं याची एक ओळ निरोपात लिहायची, कारण यादीत गाण्यागणिक टिपण लिहायला जागाच नाही. ही उणीव खरोखर खटकते. एवढी मोठी कंपनी, आणि 'दुसऱ्या अंतऱ्यातली सारंगी ऐक' एवढं लिहायला चार शब्दांची पट्टी देत नाही.

ब्लेंडबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये आलेली सोय, आता दहाजणांपर्यंत. प्रत्येकाच्या ऐकण्याच्या इतिहासावरून एक मिश्र यादी आपोआप बनते आणि रोज बदलते. दोघांची आवड किती टक्के जुळते तेही सांगते. छत्तीस गुण जुळल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. तुमच्या खात्यावर लहान मूल बडबडगीतं ऐकत असेल किंवा झोपताना पावसाचा आवाज लावला जात असेल तर ब्लेंडमध्ये तेच येणार. त्यावर उपाय दोन: तेवढा वेळ 'प्रायव्हेट सेशन' चालू ठेवणं, किंवा त्या यादीच्या ठिपक्यांतून ती 'टेस्ट प्रोफाइल'मधून (तुमच्या आवडीच्या नोंदीतून) वगळणं. दुसरा उपाय बरा, कारण एकदाच करावा लागतो.

एकत्र ऐकणं

२०२३ मध्ये 'जॅम' आलं. ३२ जणांपर्यंत एकाच रांगेत गाणी टाकता येतात. सुरू करणाऱ्याकडे प्रीमियम (पैसे भरून घेतलेलं खातं) हवं. मोफत खात्यावाले एकाच ठिकाणी बसले असतील तर सामील होतात, लांबून ऐकायचं तर त्यांनाही प्रीमियम लागतं. गाणं चालू असताना ठिपके, 'स्टार्ट अ जॅम', मग लिंक किंवा क्यूआर दाखवायचा. यजमानाला गाणी काढता येतात, क्रम बदलता येतो, कुणाला बाहेरही काढता येतं.

खोलीत ऐकताना एकच स्पीकर ठेवा. दोन फोन आणि दोन ब्लूटूथ स्पीकर एकाच वेळी लावले तर प्रत्येकाचा उशीर वेगळा असल्यामुळे गाणं एकमेकांच्या मागे धावतं आणि ताल कोलमडतो. वेगवेगळ्या ठिकाणी बसून ऐकताना हा फरक जाणवत नाही, पण सोबत फोन लावून बोलत असाल तर हेडफोन घाला. नाहीतर फोनचा माइक समोरच्याचं गाणं पकडून परत पाठवतो.

स्पीकर वायफायचा असेल तर ब्लूटूथऐवजी 'स्पॉटिफाय कनेक्ट' वापरा. तळाशी जे उपकरणाचं चिन्ह असतं तिथून स्पीकर निवडायचा. फरक मोठा आहे. ब्लूटूथमध्ये फोन गाणं उलगडतो, पुन्हा दाबून स्पीकरकडे पाठवतो. नेहमीच्या एसबीसी कोडेकची, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतीची, मजल ३२८ केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आसपास. म्हणजे आधीच दाबलेल्या आवाजावर दुसऱ्यांदा दाब. शिवाय निरोप आला की टिंग स्पीकरवरही वाजणार, आणि फोन घेऊन अंगणात गेलात की गाणं तुटणार. कनेक्टमध्ये स्पीकर थेट इंटरनेटवरून गाणं ओढतो, फोन नुसता रिमोट राहतो.

दर्जाचे आकडे एकदाच: मोफत खात्यावर जास्तीत जास्त १६० केबीपीएस, प्रीमियममध्ये ३२०, आणि सप्टेंबर २०२५ पासून प्रीमियमच्या ग्राहकांसाठी टप्प्याटप्प्याने २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतचं लॉसलेस, म्हणजे दाबताना काहीही न गमावलेला आवाज. ३२० ने तासाला साधारण १४४ एमबी डेटा जातो, १६० ने ७२. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेस लावून डेटा जाळण्यात अर्थ नाही. ते वायरवर किंवा वायफायवरच घ्यावं. डाउनलोड करून ठेवलेली गाणी एका उपकरणावर १०,००० पर्यंत, पाच उपकरणांवर, आणि ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही तर ती वाजणं बंद होतात. डाउनलोड म्हणजे गाणं आपलं झालं, या समजुतीचा निकाल या शेवटच्या अटीत लागतो.

राखाडी झालेली गाणी

तीन-चार वर्षं जुनी यादी उघडली की काही नावं राखाडी दिसतात. दाबली तरी वाजत नाहीत. सेटिंग्जमध्ये न वाजणारी गाणी लपवलेली असतील तर तेवढंही दिसत नाही, यादी नुसती गुपचूप आखूड होते. म्हणून ती दाखवण्याचं बटण चालू ठेवावं. निदान काय गेलं ते कळतं.

गाणी जातात ती दोन कारणांनी. एक, परवान्याचा करार संपला किंवा त्या देशापुरता हक्क दुसऱ्याकडे गेला. दोन, आणि हे जास्त वेळा घडतं, प्रकाशकाने तोच अल्बम नव्याने चढवला. नव्या प्रतीला नवा ओळखक्रमांक मिळतो, जुना क्रमांक मरतो, आणि तुमच्या यादीत जुनाच असतो. स्पॉटिफायकडे 'ट्रॅक रीलिंकिंग' नावाची यंत्रणा आहे. एका देशात न चालणाऱ्या प्रतीऐवजी तिथे चालणारी प्रत ती आपणहून लावते. बहुतेकदा हे कळतही नाही. मात्र काही वेळा समोरच्याला तुमच्यापेक्षा वेगळं रीमास्टर ऐकू येतं, आणि 'सुरुवातीचा तो खरखरीत आवाज' तुम्ही कशाला म्हणताय हे त्याला उमगत नाही. राखाडी गाण्यावर उपाय एकच: नाव पुन्हा शोधा, लांबी जुळवून बघा, नवं टाका, जुनं काढा. वर्षातून एकदा हे करावंच लागतं.

स्वतःच्या फायली ॲपमध्ये वाजवण्याची 'लोकल फाइल्स'ची सोय आहे, पण तशी गाणी यादीत टाकून यादी पाठवली तर समोरच्याला फक्त नाव दिसतं. सर्व्हरवर ती नाहीतच, तर पोचणार कशी?

बाकीच्या सेवा या बाबतीत फार वेगळ्या नाहीत. यूट्यूब म्युझिकची जमेची बाजू म्हणजे लिंक पुष्कळदा वर्गणी न भरणाऱ्यालाही उघडता येते, आणि अधिकृत अल्बममध्ये कधीच न आलेलं दुर्मीळ मुद्रणही तिथे सापडतं. ते कुणीतरी चढवलेलं असतं, त्यामुळे जातंही तितक्याच अचानक. यादीला मर्यादा ५,००० गाण्यांची. स्वतःची १,००,००० गाणी चढवता येतात, पण ती फक्त तुम्हालाच ऐकू येतात. ॲपल म्युझिकमध्ये सामायिक याद्या २०२४ च्या सुरुवातीला आल्या, गाण्यावर इमोजीने दाद देता येते. लॉसलेस २०२१ पासून आहे, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. पण मोफत खात्याची सोय नाही, म्हणून ज्याला गाणं द्यायचं तोही वर्गणीदार हवा. नुसत्या वाटून घेण्यासाठी निवडायचं तर मी स्पॉटिफायच निवडेन; दुर्मीळ गाण्यांसाठी यूट्यूबची लिंक जोडीला.

एका सेवेतून दुसरीत यादी नेण्यासाठी साउंडीझ, ट्यून माय म्युझिक यांसारखी साधनं आहेत. गाणी जुळवताना त्यांना आयएसआरसीचा आधार मिळतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दिलेला हा १२ अक्षरांचा संकेतांक. तो जुळला तर मुद्रण तेच. नाही जुळला तर नाव आणि गायकावरून अंदाज, आणि तिथे कराओके किंवा मैफलीतली प्रत आत शिरते. यादी हलवल्यावर दोन्ही बाजूंची एकूण लांबी ताडून बघा. पंधरा गाण्यांच्या यादीत दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक आला तर कुठेतरी चूक आहे.

जपायचं तर

खात्याच्या गोपनीयतेच्या पानावरून स्वतःची माहिती मागवता येते. खात्याचा साधा संच पाच दिवसांत येतो, त्यात याद्या आणि गेल्या वर्षभराचं ऐकणं असतं. सुरुवातीपासूनचा संपूर्ण इतिहास वेगळा मागावा लागतो आणि त्याला ३० दिवसांपर्यंत लागतात. फक्त याद्या हव्या असतील तर एक्सपोर्टिफाय हे वेबसाधन गाणं, गायक, अल्बम, लांबी यांचा तक्ता काढून देतं. वर्षाला एकदा हा तक्ता उतरवून ठेवावा. काही केबींचा असतो.

जी वीस-पंचवीस गाणी गमवायची नाहीतच, त्यांची फाइल आपल्याकडे हवी. सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या संगणकावरच्या साधनाने फ्लॅक या फाइलप्रकारात उतरवा: सीडीचा मूळ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी घेतो, फ्लॅक त्याच्या साधारण निम्म्या ते साठ टक्के जागेत तोच आवाज एकही बिट न गमावता ठेवतं. कॅसेट असेल तर आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि डॉल्बीचं (कॅसेटची खरखर कमी करणारं) बटण मुद्रणाच्या वेळी होतं तसंच ठेवा. डॉल्बीत केलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवली तर चरचरीत वाटते, उलट केलं तर गुदमरते. तरीही आवाज दबलेला येत असेल तर हेडचा कोन सरकलेला असतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवत, मोनोमध्ये ऐकत, झांजेचा आवाज सर्वात स्वच्छ येईल तिथे थांबा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या साधनात ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या. शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. नंतर आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. नावं-वर्षं भरायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड चांगलं आहे, पण अल्बम तोच लागलाय ना हे डोळ्यांनी तपासा.

या प्रती स्वतःच्या ऐकण्यासाठी. दुसऱ्याला वाटायला हक्कधारकाची परवानगी लागते, तिथे लिंकच पाठवावी. गाडीत किंवा जुन्या प्लेयरवर लावायला पेनड्राइव्हवर टाकणार असाल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्या. नुसते १, २ लिहिले तर बरेच प्लेयर १ नंतर थेट १० वाजवतात, आणि तिसऱ्या जागी जपून ठेवलेलं ते लाडकं गाणं कुठेतरी मागे जाऊन पडतं.